दहा वाजताची संध्याकाळ

“तंबू तापलाय की मी तापलेय, ते आधी ठरवा,” पलंगावरून बायको म्हणाली, “म्हणजे कोणाला वारा घालायचा ते कळेल.”

पलंगासमोर उभ्या केलेल्या, रोपाच्या तंबूची चेन अर्धी उघडून, आत डोके घालून उभ्या असलेल्या दशांशने तापमापकावरचा आकडा वाचला आणि डोके बाहेर काढले. “तंबू. छत्तीस पूर्णांक आठ.”

“आणि माणसाचं किती असतं?”

“साधारण तेवढंच.”

“मग मी आणि गुलबक्षी, दोघी ठणठणीत आहोत. लावा चेन.”

दशांश हसला नाही. विनोद त्याने नोंदवून घेतला, इतकेच म्हणता येईल. छत्तीस पूर्णांक आठ हा आकडा माणसाला शोभत असला तरी गुलबक्षीच्या कळ्यांना झेपणारा नव्हता. तंबूच्या तळाशी, चंदेरी अस्तरावर, तीन हिरव्या कळ्या गळून पडल्या होत्या. त्याने त्या उचलल्या, तळहातावर ठेवून पाहिल्या आणि वहीत लिहिले: कळ्या गळाल्या, तीन. कारण: उष्णता.

दशांश हे अर्थात त्याचे खरे नाव नव्हते. चौतीस वर्षे त्याने मोजमापांच्या एका सरकारी प्रयोगशाळेत तापमापक तपासण्याचे काम केले. कारखान्यांतून, शीतगृहांतून, दवाखान्यांतून आलेले तापमापक ठरावीक तापमानाच्या पाण्यात बुडवायचे, प्रयोगशाळेच्या प्रमाण तापमापकाशी ताडून पाहायचे, चूक मर्यादेत असेल तर ‘पास’ची चिठ्ठी चिकटवायची, नसेल तर ‘नापास’ची. काम एवढेच, पण ते त्याने इतक्या निष्ठेने केले की, “आज उकडतंय” असे सहज म्हणणाऱ्या माणसाला तो “किती?” असे विचारू लागला. दशांश चिन्हानंतरचा आकडा सांगितल्याशिवाय त्याचे उत्तर पुरे होत नसे. सहकाऱ्यांनी नाव ठेवले, ते घरापर्यंत आले, आणि घरी आल्यावर बायकोने त्याला पाटावर बसवून कायमचे ठेवून घेतले.

खात्यात नव्याने आलेल्या प्रत्येकाला तो पहिल्या दिवशी एकच वाक्य सांगे: हात हे उपकरण नाही. गार हाताला कोमट पाणी गरम लागते, गरम हाताला तेच पाणी गार. तेव्हा हातावर विसंबू नका. घरी हे वाक्य मुलीच्या लहानपणी बायकोला अनेकदा ऐकावे लागले. ती मुलीच्या कपाळाला हात लावून “ताप आहे” म्हणे, तो तापमापक आणे, ताप असे. असे किती वेळा झाले याची त्याने नोंद ठेवली नव्हती, पण ती एकदाही चुकल्याचे त्याला आठवत नव्हते. “नमुना लहान आहे,” तो म्हणे. “मग आणखी चार पोरं हवी होती तुम्हाला,” ती म्हणे.

ती टेलिफोन खात्यात होती. एकतीस वर्षे दुपारी बारा ते रात्री आठ ही पाळी, तीही खिडकी नसलेल्या दालनात. यंत्रांना धूळ चालत नसे म्हणून. संध्याकाळ नावाची गोष्ट असते, हे तिला फक्त सुट्टीच्या दिवशी कळे. निवृत्त झाल्यावर तिने तीर्थयात्रा मागितली नाही की दागिना मागितला नाही. मागच्या गॅलरीत एक जुना डबा मातीने भरून त्यात गुलबक्षी लावली आणि रोज पाचच्या सुमारास ती समोर खुर्ची टाकून बसू लागली. गुलबक्षीची कळी छत्रीसारखी पिळून मिटलेली असते. ऊन उतरले, हवा निवली की ती पीळ सोडते आणि अर्ध्या तासात उघडते. “हे एक रोप बघा,” ती सांगे, “माझ्यासारखंच. दिवसभर कामात, आणि सगळ्यांची घरी जायची वेळ झाली की हिला फुलायचं सुचतं.”

अशा संध्याकाळी तिला चार वर्षे मिळाल्या. मग हृदय थकले. डॉक्टरांनी पंपिंगचा आकडा सांगितला, वीस टक्के, तेव्हा दशांशने “वीस पूर्णांक किती?” असे विचारले नाही, यावरून तो किती घाबरला होता ते मुलीच्या लक्षात आले. औषधे सुरू झाली. सकाळी नऊ ते अकरा ही तिची खरी जाग. दुपारचे औषध घेतले की दोनच्या आत ती झोपेत बुडे, ती थेट रात्री जेवणापुरती वर येई. पलंग आतल्या खोलीत, कारण न्हाणीघर तिथून चार पावलांवर. त्या खोलीच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसे आणि त्या भिंतीवरून उतरलेला एक पाइप दिसे.

“पाच महिने झाले,” एकदा सकाळी ती म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता. “संध्याकाळ नाही बघितली. पुन्हा पाळीवर लागल्यासारखं वाटतंय.”

तिला उचलून संध्याकाळी गॅलरीत नेणे शक्य होते. पण झोपलेल्या माणसाला नेऊन काय उपयोग? औषधाची वेळ बदलता येते का, असे त्याने डॉक्टरांना विचारले. येत नव्हती. तेव्हा बदलता येण्याजोगी दुसरी कोणती राशी आहे, असा विचार तो दोन दिवस करत राहिला. बायकोची वेळ हलत नाही. मग संध्याकाळची हलवायची.

कल्पना दिसते तितकी वेडगळ नव्हती. गुलबक्षीला घड्याळ कळत नाही. तिला उजेड कळतो, उष्णता कळते आणि कालचा दिवस किती वाजता सुरू झाला ते आठवते. त्या तिन्ही गोष्टी आपल्या हातात असतील तर रोपाची संध्याकाळ सकाळी दहाला आणता येईल. त्याने दोन फूट लांब, दोन फूट रुंद, पाच फूट उंच असा, आतून चंदेरी अस्तराचा, घरात रोपे वाढवण्यासाठी मिळतो तो तंबू आणला. एक एलईडी दिवा आणला. ठरल्या वेळी दिवा लावणारा आणि विझवणारा टायमर आणला. गॅलरीतला डबा तंबूत गेला. रोप छाटून घेतले, ते महिन्याभरात पुन्हा भरले, कळ्या धरू लागले. आणि मग त्याने दिव्याचा दिवस रोज एक तास अलीकडे ओढायला सुरुवात केली. सात दिवसांत दिवा रात्री आठला उगवून सकाळी दहाला मावळू लागला.

हे त्याने परगावी राहणाऱ्या मुलीला फोनवर सांगितले.

“बाबा,” ती म्हणाली, “आईच्या उशाशी तंबू, दिवा, टायमर. तुम्ही आईला सांभाळताय की रोपाला?”

“दोन्ही एकाच खोलीत आहेत,” तो म्हणाला.

अडचण उजेडाची नव्हती, उष्णतेची होती. बंद तंबूत रात्रभर जळणारा दिवा म्हणजे लहानशी भट्टीच. तंबू खोलीबाहेर हलवावा तर पलंगावरून दिसणार नाही, आणि न दिसणाऱ्या संध्याकाळचे काय करायचे? छत्तीस पूर्णांक आठच्या त्या दिवसानंतर त्याने एकेक अंश असा काढला, जसा कोणी पायातला काटा काढावा. आधी दिवा चार बोटे वर टांगला: पानांच्या कडा वळायच्या थांबल्या. मग दिव्याला वीज पुरवणारी तापट डबी तंबूच्या आतून काढून बाहेर भिंतीला लावली: दोन पूर्णांक तीन अंश कमी. मग वरच्या छिद्रात ओढणारा पंखा बसवला आणि त्याची नळी खिडकीवरच्या झडपेतून बाहेर सोडली.

“विमान निघालं का हो?” पंखा लागताच बायकोने विचारले.

“आवाज फार होतोय?”

“मला नाही. मी एकतीस वर्षं दोनशे यंत्रांच्या मधे बसलेय. रोपाला विचारा.”

नळी झडपेत नीट बसत नसे. थोडी गरम हवा खोलीत परत येईच. पहाटेपर्यंत खोली तीस अंशांवर जाई. त्याने हेही लिहून ठेवले. शेवटी राहिला तो संध्याकाळचा गारवा. उजेड कमी झाल्याबरोबर हवाही उतरली पाहिजे, तर रोपाची खात्री पटते. त्यासाठी तो पाण्याच्या बाटल्या बर्फ करून ठेवी आणि खालच्या छिद्रापाशी, जिथून तंबू हवा आत घेई, तिथे रचून ठेवी. दिवा हळूहळू मंद करायला हाताने फिरवायचे बटण होते. त्या दिव्यावर त्याने नारिंगी पारदर्शक कागदही लावला. नारिंगी रंगाने गुलबक्षीला काडीचा फरक पडत नाही, हे त्याला ठाऊक होते. वहीत त्या कागदाचा उल्लेख नाही.

एक दिवसाआड येणाऱ्या सिस्टर हा सगळा खटाटोप पाहत. मोठ्या आवाजाच्या, मोठ्या पिशवीच्या, चपला दाराबाहेर काढताना आतल्या माणसाला हाक मारणाऱ्या. “काकू, नवऱ्यानं सूर्य आणून दिला म्हणे तुम्हाला.”

“चंद्र-तारे सगळेच देतात सिस्टर. सूर्य गरम लागतो, म्हणून कोणी हात लावत नाही.”

पहिल्याच आठवड्यात सिस्टरांनी औषधांच्या दुकानातून एक साधा तापमापक आणवला होता. दशांशने तो त्याच दुपारी कोमट पाण्याच्या पातेल्यात स्वतःच्या तापमापकाशेजारी बुडवला. हा स्वतःचा तापमापक निवृत्तीच्या दिवशी खात्याने दिलेला. टोकाशी बारीक सळई, तिला वायर, वायरीच्या दुसऱ्या टोकाला आकडा दाखवणारी पेटी. दुकानातला तापमापक तीन दशांशांनी जास्त दाखवत होता. दशांशने चिठ्ठी लिहिली, ‘नापास, ०.३ जास्त’, ती चिकटवली आणि तापमापक खणात टाकला.

“काका,” सिस्टर म्हणाल्या, “तीन दशांशांनी ताप बुडत नाही.”

“चुकीचं उपकरण घरात नसलेलं बरं. माझा आहे ना.”

आणि तो रोज सकाळी सातला आपल्या तापमापकाने तिचा ताप बघू लागला. तंबू आल्यावर ही सळई रोपातही लागू लागली. मग तो सकाळी ती काढी, स्पिरिटने पुसे, बायकोच्या काखेत धरी, आकडा लिही आणि पुन्हा कळीशेजारी लावी. पण सळई काढली की तंबूतला आकडा स्थिर व्हायला वीस मिनिटे लागत आणि नोंदीत खाच पडे. कळ्या फुगल्या, कधीही उघडतील अशा झाल्या, तेव्हा त्याने ठरवले की सळई आता हलवायची नाही. तीन दिवसांचाच प्रश्न होता.

दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी बायकोचा हात धरला, थोडा जास्त वेळ धरला. “काकू कोमट लागतायत. ताप बघताय ना रोज?”

“खोली तीस पूर्णांक चार आहे,” दशांश म्हणाला. “आणि हात हे उपकरण नाही, सिस्टर.”

“बघा बाई,” बायको म्हणाली, “तुमच्या हातालासुद्धा नापास केलं.” सिस्टर हसल्या. हसतच त्या गेल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला त्याने बर्फाच्या बाटल्या लावल्या, हात पुसले, तिला गोळ्या दिल्या आणि जाता जाता तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ गरम लागले. तो क्षणभर थांबला. हात आत्ताच बर्फातून आला होता. गार हाताला सगळेच गरम लागते, हे त्याने चौतीस वर्षे इतरांना शिकवले होते. सळई कळीशी होती. तो तंबूकडे वळला.

नऊला त्याने बटण पहिल्या खुणेवर आणले. चेन पूर्ण उघडली, तंबूचे दोन्ही पदर मागे बांधले आणि पलंगाची उशी उंच केली. खिडकीला जाड चादर लावून सकाळ बाहेर ठेवली. खोलीत तंबूतला उजेड तेवढा राहिला, नारिंगी, वरून खाली उतरणारा. बायको टक लावून बघत होती. तिचे डोळे चमकत होते, गाल लाल झाले होते. इतक्या महिन्यांत तिचा चेहरा असा दिसला नव्हता. दशांशला बरे वाटले. त्याने बटण दुसऱ्या खुणेवर आणले.

“आठवतं,” ती म्हणाली, “आठला सुटल्यावर बाहेर यायचे, तर सगळं झालेलं असायचं. जत्रा उठल्यावर गावात पोचल्यासारखं.”

“बोलू नकोस फार. दम लागेल.”

“लागू दे की. आज सुट्टी आहे माझी.”

साडेनऊ. तिसरी खूण. पेटीवर सव्वीस पूर्णांक एक. बाटल्यांवरून निघालेली गार हवा उघड्या तंबूतून पलंगापर्यंत येत असावी. दहाला वीस मिनिटे कमी असताना तिने खांदे आवळले.

“गार वाजतंय हो. शाल द्या.”

दशांशने शाल आणली. तिच्या खांद्यांवरून घातली, पुढे ओढून दिली. तिला कापरे भरले होते, बारीक, सलग. त्याने ते पाहिले. आयुष्यात इतका नेमका निष्कर्ष त्याला क्वचितच मिळाला होता: उजेड उतरला, हवा उतरली आणि माणसाला थंडी वाजली. तंबूत कुठलीही कसर राहिली नव्हती.

“संध्याकाळी गारवा येतोच,” तो म्हणाला.

“येतोच तर,” ती म्हणाली.

दहा वाजून वीस मिनिटांनी पहिल्या कळीचा पीळ हलला. हलला असे दिसत नाही. थोड्या वेळाने बघावे तर मघाशी होता तिथे तो नसतो. मग एक कडा सुटली, मग दुसरी, आणि गडद गुलाबी कर्णा हळूच उघडला. पाठोपाठ आणखी दोन. चौथी कळी अर्धी उघडून थांबली. मंद वास खोलीत पसरला, तो मोजायला त्याच्याकडे काही नव्हते. बायकोने शालीतून हात बाहेर काढला आणि त्याच्या मनगटावर ठेवला. हात गरम होता.

“दशांश,” ती म्हणाली, “लिहा वहीत. पास.”

त्याने लिहिले नाही. पण सांगायला हरकत नाही की लिहावेसे वाटले.

अकराला ती झोपली. तो एकापर्यंत नोंदी पुऱ्या करत बसला: कोणत्या खुणेला किती अंश, कोणती कळी किती वाजता. मग, तीन दिवसांत पहिल्यांदा, त्याने सळई रोपापासून काढली, स्पिरिटने पुसली आणि झोपलेल्या बायकोच्या काखेत धरली. पेटीवर एकोणचाळीस पूर्णांक सहा आले. आकडा स्थिर व्हायची वाट त्याने पाहिली नाही. रुग्णवाहिकेला फोन करताना त्याने ताप सांगितला तो नुसता “खूप” असा.

रुग्णालयात फुप्फुसातला संसर्ग निघाला. डॉक्टर, एक शांत बाई, म्हणाल्या की थकलेल्या हृदयाच्या माणसाला हे अवघड जाते. “थंडी कधी वाजली?”

“सकाळी दहाला वीस कमी असताना.”

“आणि ताप?”

“ताप एक वाजता पाहिला.” तो थांबला. “सातलाही असावा. सहा तासांनी फरक पडला असता का?”

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिले. “सांगता येत नाही,” त्या म्हणाल्या.

त्यांनी धीर दिला असता तर त्याने विश्वास ठेवला नसता, दोष दिला असता तर मान खाली घातली असती. हे उत्तर मात्र खरे होते, आणि खऱ्या उत्तराशी भांडता येत नाही. हेच हृदय, हीच फुप्फुसे, हाच दिवस, पण सहा तास आधी आणलेली, अशी दुसरी बायको ताडून पाहायला नव्हती. जगात अशी तुलना कुठेच नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शुद्धीवर होती. तोंडावरचा प्राणवायूचा मास्क बाजूला करून तिने विचारले, “किती वाजले?”

“दहा चाळीस.”

“उघडली असतील.”

“उघडली असतील.”

“तुम्ही इथे. दिवा कोण कमी करतंय?”

“टायमर आहे. एकदम विझतो. हळूहळू नाही होत.”

तिने हे ऐकून घेतले. खांद्यावर रुग्णालयाची पांढरी चादर होती. तिने ती बोटांनी चाचपली. “म्हणजे कालची थंडी संध्याकाळची नव्हती.”

खोटे बोलायचा सराव नसलेल्या माणसाला अशा वेळी पर्याय नसतो. “नव्हती,” तो म्हणाला.

“असू दे,” ती म्हणाली. मग दम घेऊन, “मला तर तीच वाटली.”

त्याच्या पुढच्या दिवशी दुपारी, दोननंतर, तिच्या नेहमीच्या वेळी ती झोपली आणि उठली नाही.

दोन आठवड्यांनी, माणसांची ये-जा ओसरल्यावर, मुलीने घर आवरायला घेतले. तंबू अजून उभा होता. पंखा चालू होता, दिवा रात्री आठला उगवत होता आणि सकाळी दहाला एकदम विझत होता. रोज चार-पाच फुले रिकाम्या पलंगासमोर उघडत होती. मुलगी दारात उभी राहून बघत होती.

“बाबा, आता हे काढू या?”

“काढ.”

तिने पलंगाशेजारचा खण रिकामा करायला घेतला. औषधांच्या पाकिटांखालून तो तापमापक निघाला. तिने चिठ्ठी वाचली. वडिलांचे अक्षर सुबक होते, छापल्यासारखे.

“घरात हा होता?”

“होता.”

“तीन दशांशांनी काय बिघडलं असतं?”

दशांश खुर्चीत बसला होता. त्याने उत्तर मनात तपासून घेतल्यासारखे केले, जरी ते चौदा दिवस तयार होते. “एकोणचाळीस पूर्णांक सहाच्या जागी एकोणचाळीस पूर्णांक नऊ दिसलं असतं. बाकी काही नाही.”

मग त्याने तिला सांगितले. सळई कुठे होती, ती तीन दिवस का काढली नाही, हात गार का होता, शाल कधी मागितली. तो क्रमाने बोलला, काही वगळले नाही, काही वाढवले नाही. मुलगी ऐकत राहिली. मधेच तिने एक प्रश्न विचारला. “आईला कापरं भरलं होतं आणि तुम्ही बघत होता?”

“हो.”

“आणि काय वाटलं तुम्हाला?”

“जमलं, असं वाटलं.”

मुलगी उठून स्वयंपाकघरात गेली. नळ बराच वेळ वाहत राहिला. परत आली तेव्हा तिचा चेहरा ओला होता आणि आवाज कोरडा. “फोनवर मी जे बोलले होते ना, आईला की रोपाला, ते सहज बोलले होते,” ती म्हणाली.

“प्रश्न बरोबर होता.”

“नव्हता बाबा. आईनं त्या आठवड्यात मला फोन केला होता. म्हणाली, तुझा बाप माझ्यासाठी सूर्य खाली-वर करतोय, आणि म्हणतो काय, तर दिवा चार बोटं वर घेतला. हसत होती. दम लागेस्तोवर हसत होती.” तिने नाक पुसले. “मला तुमचा राग आलाय. तो काही दिवस राहील. पण हे तुम्हाला सांगायला हवं होतं.”

“किती दिवस?” त्याच्या तोंडून सवयीने गेले. मुलीने त्याच्याकडे पाहिले आणि मग, मनाविरुद्ध, तिच्या ओठांचा कोपरा हलला.

तंबू तिने काढला. कांब कांब सुटी केली, चंदेरी कापडाची घडी घातली, नारिंगी कागद हातात घेऊन थोडा वेळ उभी राहिली आणि तो घडीत ठेवला. डबा दोघांनी मिळून गॅलरीत नेला, त्याच्या जुन्या जागी.

रोपाला अर्थातच यातले काही कळले नाही. पहिल्या दिवशी, भर उन्हात, गुलबक्षी सकाळी दहा पन्नासला उघडली आणि तासाभरात मलूल झाली. दशांश वही घेऊन खुर्चीत बसला होता. त्याने वेळ लिहिली. दुसऱ्या दिवशी बारा वाजून पाच मिनिटे झाली. तिसऱ्या दिवशी मुलगी गेली. निघताना तिने त्याच्या कपाळाला हात लावला, काही न बोलता, आणि त्यानेही आकडा विचारला नाही. त्या दिवशी फुले दीडला उघडली. मग पावणेतीनला. मग चारला. खऱ्या सूर्याने रोपाला रोज थोडे थोडे आपल्याकडे ओढून घेतले. यात नवल नव्हते; असेच होणार हे कोणत्याही पुस्तकात सापडले असते. तरी तो रोज थोडा आधी येऊन बसे, जणू एखाद्या दिवशी चुकून दहाला उघडेल.

सहाव्या दिवशी पाच वाजून दहा मिनिटांनी सगळ्या कळ्यांचा पीळ एकदम सुटला. खाली शेजारच्या कुंपणाशी कोणाची तरी गुलबक्षी होती. तीही त्याच वेळी उघडत होती. आता दोन्हींत काही फरक राहिला नव्हता.

त्याने वही मांडीवर घेतली. तारीख लिहिली, वेळ लिहिली. शेवटचा रकाना तापमानाचा होता. तापमापक आत, खणात होता. त्याने गॅलरीच्या कठड्यावरून हात बाहेर काढला, तळहात वर करून थोडा वेळ तसाच धरला, आणि मग त्या रकान्यात, नेहमीच्या सुबक अक्षरात, लिहिले: गार.